शेजारी चर्चमध्ये बोलावतो तेव्हा

नाताळ उलटला की आमच्या श्रीरामपूर भागात ख्रिस्ती लग्नांचा हंगाम सुरू होतो. नाताळाआधीचे चार आठवडे आणि ईस्टरपूर्वीचे चाळीस दिवस त्यांच्याकडे संयमाचे मानतात. त्या काळात लग्ने सहसा लावत नाहीत. म्हणून जानेवारी, आणि मग थेट एप्रिल-मे. पत्रिकेवर वरच्या बाजूला क्रूस किंवा कबुतराचे चित्र, खाली विवाहविधीसाठी चर्चचे नाव आणि त्याखाली जेवणासाठी मंगल कार्यालयाचा पत्ता. अशी पत्रिका आली की आपल्या घरांतून बहुधा एकच तोडगा निघतो : "चर्चमध्ये नको, नंतर हॉलवर जाऊन आहेर देऊन येऊ."

लग्नात हे खपून जाते. मयतीत खपत नाही. काही वर्षांपूर्वी आमच्या ओळखीच्या एका ख्रिस्ती शिक्षिकेचे निधन झाले. त्यांनी जन्मभर मुलांना मराठी शिकवले आणि त्यांच्या वर्गात निम्मी मुले मुसलमानांची असत. अंत्यविधीला आपले लोक खूप आले होते. आम्ही चार-पाच जणी आत मागच्या बाकावर बसलो होतो. पण बाईंचे बहुतेक मुसलमान विद्यार्थी, आता चांगले बापे झालेले, फाटकाबाहेर चिंचेखाली उभे होते. कोणाच्याही मनात दुजाभाव नव्हता. आत गेल्यावर गुडघे टेकावे लागतात का, काही खायला-प्यायला देतात का, डोक्यावरच्या टोपीचे काय करायचे, हे कोणालाच ठाऊक नव्हते, आणि विचारायचा संकोच होता. महिनाभराने बाईंची मुलगी भेटली. इकडचे तिकडचे बोलून झाल्यावर तिने हळूच विचारले, "मॅडम, आईची मुलं आत का नाही आली?"

त्या मुलांना जे माहीत नव्हते ते इथे लिहिते आहे. ख्रिस्ती सहकाऱ्यांसोबत नोकरीची वीस वर्षे गेली, त्यांच्या लग्नांना, बारशांना आणि मयतींना जाणे झाले. पाहिले ते आणि त्यांना विचारून घेतले ते, असे दोन्ही यात आहे.

आधी सर्वांच्या मनातला प्रश्न. जावे का?

मी आलिमा नाही, शिक्षिका आहे, तेव्हा फतवा देण्याचा माझा अधिकार नाही. पण या विषयावर आपल्या बुजुर्गांचे काय म्हणणे होते ते वाचता येते. सहीह बुखारीत नमाजच्या प्रकरणात दोन नोंदी शेजारी शेजारी आहेत. हजरत उमर (रजि.) यांनी ख्रिस्ती लोकांना सांगितले होते की तुमच्या प्रार्थनास्थळांत आम्ही येत नाही ते तिथल्या चित्रांमुळे आणि मूर्तींमुळे. आणि हजरत इब्ने अब्बास (रजि.) मूर्ती नसलेल्या चर्चमध्ये नमाजही पढत असत. पुढच्या काळात फुकहांची मते याच दोन टोकांच्या मध्ये राहिली. हनफी ग्रंथांत अशा ठिकाणी जाणे मकरूह म्हटलेले सापडते, हंबली उलेमांनी त्यात हरकत मानलेली नाही. घरात याबाबत शंका असेल तर आपल्या आलिमांना जरूर विचारावे. विचारताना एवढे मात्र स्पष्ट करावे की प्रश्न त्यांच्या उपासनेत सामील होण्याचा नाही, शेजाऱ्याच्या सुखदुःखात हजर राहण्याचा आहे. प्रश्न नीट विचारला तर उत्तरही नीट मिळते, हा माझा वर्गातलाही अनुभव आहे.

या नात्याला आपल्याकडे जुना इतिहास आहे. मक्केत छळ असह्य झाला तेव्हा पहिला आसरा हबशाच्या ख्रिस्ती राजाने, नजाशीने दिला. त्याच्या दरबारात हजरत जाफर (रजि.) यांनी सूरह मरयममधील आयती पढल्या आणि राजासह दरबारातील धर्मगुरूंचे डोळे पाणावले. पुढे नजरानचे ख्रिस्ती शिष्टमंडळ मदिनेत आले. चर्चा श्रद्धेच्या मुद्द्यांवर झाली, मतभेद कायम राहिले. पण त्यांच्या प्रार्थनेची वेळ झाली तेव्हा प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्यांना मस्जिदे नबवीतच प्रार्थना करू दिली, असे सीरतच्या ग्रंथांत आहे. आणि सूरह हजच्या 40 व्या आयतीत मठ, चर्च, यहुद्यांची प्रार्थनास्थळे आणि मस्जिदी यांचा उल्लेख एका ओळीत येतो. ज्यांत अल्लाहचे नाव घेतले जाते अशा या जागा उद्ध्वस्त होऊ नयेत म्हणून अल्लाह काही लोकांना काहींकरवी आवरतो, असा त्याचा आशय आहे. श्रद्धेत तडजोड न करता माणसाचा आणि त्याच्या जागेचा मान राखणे आपल्याला नवीन नाही.

कोणते चर्च?

"चर्च" हा एकच शब्द आपण सगळ्यांसाठी वापरतो. आपल्या उर्दूत जुना शब्द गिरजा किंवा गिरजाघर. तो पोर्तुगीज भाषेतून आला, पाद्रीही तिथलाच. पण पत्रिकेवरचे नाव नीट वाचले तर आत काय दिसेल याचा बराच अंदाज येतो.

नगर जिल्ह्यात (आता अहिल्यानगर) अमेरिकन मराठी मिशनचे काम 1831 साली सुरू झाले. त्या परंपरेतील आणि इतर काही प्रोटेस्टंट मंडळ्या 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपुरात एकत्र आल्या आणि चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, म्हणजे सी.एन.आय., ही संस्था झाली. सी.एन.आय.चे चर्च आतून साधे असते. समोर मोकळा क्रूस, एक वेदी, बोलण्यासाठी उंच टेबल, भिंतीवर कदाचित बायबलचे एखादे वचन. मूर्ती नसते. प्रमुखाला पाळक, पास्टर किंवा रेव्हरंड म्हणतात. ते संसारी असतात आणि त्यांच्या पत्नीला मंडळीत मान असतो.

कॅथलिक चर्चमध्ये फादर असतात, ते अविवाहित. तिथे क्रूसावर हजरत ईसा (अ.) यांची प्रतिमा असते, बाजूला मरयम (अ.) यांचा पुतळा, संतांच्या मूर्ती, मेणबत्त्या. ख्रिस्ती लोकांना विचारले तर ते सांगतात की आम्ही मूर्तीची उपासना करत नाही, त्या व्यक्तीचा आदर करतो आणि तिने आमच्यासाठी दुआ करावी अशी विनंती करतो. आपल्याला हे पटत नाही, पण ते स्वतःबद्दल काय म्हणतात तेही कळलेले बरे. हजरत उमर आणि हजरत इब्ने अब्बास यांच्या नोंदींतला फरक आठवला तर काही वाचकांसाठी चर्चचा हा प्रकारही महत्त्वाचा ठरेल. हरेगावला सप्टेंबरात मतमाउलीची यात्रा भरते, ती कॅथलिकांची. वसईचा मराठी ख्रिस्ती समाजही मुख्यतः कॅथलिक. फादर फ्रान्सिस दिब्रिटो तिथलेच. 2020 साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते आणि सोप्या मराठीत त्यांनी केलेल्या बायबलला साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला.

तिसरा प्रकार नव्या, स्वतंत्र मंडळ्यांचा. भाड्याच्या हॉलमध्ये, ध्वनिक्षेपकावर, टाळ्यांच्या गजरात उपासना चालते. हात वर करून सगळे एकाच वेळी मोठ्याने प्रार्थना करतात. अशा ठिकाणी नव्या माणसाला उभे करून नाव सांगायला लावण्याची, फोन नंबर लिहून घेण्याची किंवा डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करण्याची पद्धत आढळते. "मी पाहुणी आहे, कार्यक्रमासाठी आले आहे," एवढे हसून सांगितले की पुरते. पहिल्या दोन प्रकारांत असे सहसा कोणी करत नाही.

दारापासून बाकापर्यंत

गेल्या काही वर्षांत अनेक गावांत "मस्जिद परिचय" हा कार्यक्रम होतो. आपले हिंदू, ख्रिस्ती बांधव येतात आणि दारातच अडखळतात. चपला कुठे काढायच्या, डोके झाकायचे का, कुठे बसायचे? चर्चच्या दारात आपले तेच होते.

शहरांतल्या चर्चमध्ये चपला-बूट घालूनच आत जातात, कारण जमिनीवर सजदा नसतो, बाकावर बसायचे असते. आपल्या मुलांना याचा पहिला धक्का बसतो. खेड्यांतल्या पुष्कळ चर्चमध्ये मात्र सतरंजी अंथरलेली असते आणि चपला बाहेर काढतात. दाराशी पाहावे, बाकीचे करतात तसे करावे. खेड्यांत बऱ्याच ठिकाणी पुरुष एका बाजूला, बायका दुसऱ्या बाजूला बसतात. मला तर तिथे शहरातल्या चर्चपेक्षा जास्त मोकळे वाटते.

बायकांच्या डोक्यावरच्या ओढणीचे किंवा हिजाबचे कोणालाही नवल वाटत नाही. मराठी ख्रिस्ती बाया स्वतः प्रार्थनेच्या वेळी डोक्यावर पदर घेतात. पुरुषांची गोष्ट उलटी आहे. चर्चमध्ये पुरुषाने डोके उघडे ठेवणे हा त्यांचा अदब, जसा आपल्याकडे झाकणे हा अदब. क्रिकेटची टोपी किंवा हेल्मेट असेल तर काढावेच. नमाजी टोपी कायम घालणाऱ्याने ती घालून मागे बसले तर कोणी उठवत नाही, पण यजमानाला आधी कानावर घातलेले चांगले. "अब्बा टोपी काढत नाहीत, चालेल ना?" या प्रश्नाला नाही म्हणणारा यजमान मला अजून भेटलेला नाही.

कॅथलिक चर्चच्या दाराशी एका भांड्यात पाणी ठेवलेले असते. ते लोक त्यात बोटे बुडवून कपाळ, छाती आणि दोन्ही खांद्यांना स्पर्श करत क्रूसाची खूण करतात. बाकात शिरण्यापूर्वी वेदीकडे पाहून एक गुडघा टेकतात, कारण तिथे लाल दिव्याजवळच्या लहान कपाटात त्यांनी पवित्र मानलेली भाकर ठेवलेली असते. यातले काहीही पाहुण्याने करायचे नसते आणि तशी कोणाची अपेक्षाही नसते. सरळ चालत जाऊन बसावे. बाकाच्या पायथ्याशी एक लाकडी फळी असते. ती पाय ठेवण्याची नाही, गुडघे टेकण्याची आहे. मुलांना हे आधी सांगून ठेवावे, नाहीतर ती फळी खालीवर करून आवाज काढण्यात त्यांचा तासभर मजेत जातो.

बसण्याची उत्तम जागा म्हणजे मागून तिसरी-चौथी रांग. अगदी शेवटी बसलात तर पुढे काय चालले आहे ते दिसत नाही, पुढे बसलात तर कधी उठावे ते कळत नाही. उपासनेत लोक अनेकदा उभे राहतात आणि बसतात. ते उभे राहिले की पाहुण्याने उभे राहणे हा सभ्यतेचा भाग. ते गुडघे टेकतात तेव्हा आपण बसून राहावे. कॅथलिक चर्चमध्ये तर वयस्कर ख्रिस्ती माणसेही गुडघेदुखीमुळे बसूनच असतात.

ऐकू येते ते

बऱ्याच जणांची कल्पना असते की चर्चमध्ये सगळे इंग्रजीत चालते. शहरांतल्या काही चर्चचे ते खरे आहे. पण 1962 ते 1965 या काळात रोममध्ये भरलेल्या धर्मपरिषदेनंतर कॅथलिकांची उपासना, जिला ते मिस्सा म्हणतात, लॅटिन सोडून लोकभाषांत होऊ लागली. त्याच परिषदेने 1965 साली एक जाहीरनामा काढून एका ईश्वराची उपासना करणाऱ्या मुसलमानांबद्दल चर्चला आदर आहे, असे लिहून ठेवले. मराठी प्रोटेस्टंट तर सुरुवातीपासून मराठीतच. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी नगरमध्ये राहून अभंगांच्या आणि भजनांच्या चालीवर शेकडो गीते रचली, ती आजही पेटी-तबल्यावर म्हटली जातात. डोळे मिटून ऐकले तर एखाद्याला आपण कीर्तनाला बसलो आहोत असे वाटेल.

गाताना शेजारची बाई आपुलकीने गीतपुस्तक पुढे करते. ते हातात घ्यायला हरकत नाही, पण गीतांत हजरत ईसा (अ.) यांना देवाचा पुत्र आणि प्रभू म्हटलेले असते. जे आपण मानत नाही ते तोंडाने म्हणू नये. उगीच ओठ हलवणे हा शिष्टाचार नव्हे. माझ्या ख्रिस्ती मैत्रिणी म्हणतात की मनात नसताना गाणाऱ्या पाहुण्यापेक्षा गप्प बसून ऐकणारा पाहुणा आम्हाला बरा वाटतो. ईदच्या नमाजला आलेल्या एखाद्या ख्रिस्ती शेजाऱ्याने नुसते आपले पाहून सजदा केला तर आपल्यालाही अवघडल्यासारखेच होईल.

पाठांचे वाचन सुरू झाले की मात्र कान देऊन ऐकावे. नावे वेगळी वाटतात, माणसे ओळखीची निघतात. अब्राहाम म्हणजे हजरत इब्राहीम, मोशे म्हणजे हजरत मूसा, दावीद हजरत दाऊद, शलमोन हजरत सुलेमान, योना हजरत यूनुस, योहान हजरत यह्या (अ.). शुभवर्तमान म्हणजे त्यांच्याकडची इंजील, आणि स्तोत्रे दावीदाच्या नावाची, आपण ज्यांना जबूर म्हणतो. प्रार्थनेच्या शेवटी सगळे "आमेन" म्हणतात. आमच्या भागातली जुनी ख्रिस्ती मंडळी भेटल्यावर एकमेकांना "सलाम" म्हणतात, हेही अनेकांना ठाऊक नसते. कॅथलिक मिस्सेत एका टप्प्यावर सगळे शेजाऱ्याकडे वळून शांतीच्या शुभेच्छा देतात, कोणी हात जोडतो, कोणी हात मिळवतो. छातीवर हात ठेवून मान लववली की आपले उत्तर पोहोचते.

याच वेळी दानाची पिशवी किंवा ताट फिरते. पाहुण्याने त्यात टाकलेच पाहिजे असे नाही. पिशवी शांतपणे पुढच्याकडे द्यावी. लग्न असेल तर आपला आहेर वेगळा असतोच.

आता सगळ्यात जपायची जागा. ख्रिस्ती श्रद्धेनुसार हजरत ईसा (अ.) यांनी शेवटच्या रात्री शिष्यांबरोबर भाकर आणि द्राक्षरस घेतला. त्याच्या स्मरणार्थ कॅथलिक लोक प्रत्येक मिस्सेत कम्युनियन घेतात, सी.एन.आय.मध्ये ते बहुधा महिन्यातून एकदा असते आणि त्याला प्रभुभोजन म्हणतात. लोक रांगेने पुढे जातात आणि फादर प्रत्येकाला एक पातळ, पांढरी गोल चकती देतात. आपल्याकडचे लोक तिला पेढ्या-बत्ताशासारखा प्रसाद समजतात आणि नाही म्हटले तर वाईट दिसेल म्हणून रांगेत उभे राहतात. असे करू नये. कॅथलिक श्रद्धेनुसार ते प्रत्यक्ष ख्रिस्ताचे शरीर असते आणि त्यांच्याच चर्चच्या नियमाप्रमाणे ते बिगरख्रिस्ती व्यक्तीला देत नाहीत. इतर पंथांच्या ख्रिस्ती लोकांनाही ते सहसा देत नाहीत. आपल्या बाजूने पाहिले तर तो त्यांच्या उपासनेचा गाभा आहे, आणि वाइन असेल तर ती हराम. दोन्ही धर्म इथे एकाच गोष्टीवर एकमत आहेत : पाहुण्याने बाकावर बसून राहावे. रांगेतल्यांना जायला वाट हवी म्हणून पाय आखडून घ्यावेत, बस्स. कोणी विचारत नाही.

नमाजचे काय, असे विचारले जाते. लग्ने बहुधा दुपारी चार-पाचला असतात, म्हणजे असर आडवी येते. आधी पढून जावे, नाहीतर यजमानाला सांगावे. चर्चच्या आवारात हॉल असतो, एखादी खोली असते, ती ते आनंदाने उघडून देतात. जेरुसलेमला चर्चमध्ये असताना नमाजची वेळ झाली तेव्हा हजरत उमर (रजि.) यांना तिथेच नमाज पढण्याची विनंती झाली आणि त्यांनी ती नाकारून बाहेर येऊन नमाज पढली, असे इतिहासात सांगितले जाते. उद्या माझ्या नावाने मुसलमानांनी या जागेवर हक्क सांगू नये, असे त्यामागचे कारण. चर्चच्या आत जानमाज न अंथरण्याला यापेक्षा चांगले कारण मला ठाऊक नाही.

मुलांचे प्रश्न

मुलांना न्यावे का? माझे मत, न्यावे, पण घरून तयारी करून. क्रूसावरची प्रतिमा पाहून सात-आठ वर्षांचे मूल मोठ्या आवाजात विचारणारच, "अम्मी, यांना असं का टांगलंय?" भर शांततेत या प्रश्नाला उत्तर देणे कठीण. म्हणून आदल्या रात्री सांगावे. ते हजरत ईसा (अ.) यांना देवाचा पुत्र मानतात, आणि लोकांच्या पापांसाठी ते क्रूसावर गेले आणि तिसऱ्या दिवशी उठले असे मानतात. आपण त्यांना अल्लाहचे थोर प्रेषित मानतो. कुरआन सांगते की त्यांना ठार केले गेले नाही आणि क्रूसावरही चढवले गेले नाही, अल्लाहने त्यांना आपल्याकडे उचलून घेतले. हा फरक मुलांना लहानपणीच स्वच्छ शब्दांत कळलेला चांगला. सगळे धर्म एकच सांगतात, असे मोघम बोलून मुलांचे समाधान होत नाही. ती दोन मिनिटांत त्यातली विसंगती पकडतात. याउलट "ते असे मानतात, आपण असे मानतो, आणि ते आपले शेजारी आहेत" हे त्यांना सहज समजते.

मुलींना एक गोष्ट आवर्जून सांगावी. कुरआनात नावाने उल्लेख झालेली एकमेव स्त्री म्हणजे हजरत मरयम. त्यांच्या नावाची पूर्ण सूरह आहे. चर्चमधला निळ्या वस्त्रातला पुतळा ज्यांचा आहे त्यांची पाकदामनी आपल्या ईमानाचा भाग आहे, फक्त आपण त्यांच्यापुढे हात जोडत नाही.

लग्नाचा विधी पाहण्यासारखा असतो. चर्चमध्ये आधी सलग तीन रविवार वधू-वरांची नावे जाहीर केली जातात आणि कोणाची हरकत असेल तर सांगा असे विचारले जाते. आपल्याकडेही निकाह गुपचूप होऊ नये, चार लोकांत जाहीर व्हावा, हाच आग्रह. मग दोघांना वेगवेगळे विचारून होकार घेतात, आपल्या ईजाब-कुबूलसारखा. साक्षीदार सह्या करतात, 1872 च्या कायद्यानुसार नोंद होते. अंगठ्या असतात, आणि मराठी ख्रिस्ती लग्नात मंगळसूत्रही असते. पूर्ण मिस्सा असेल तर तासाहून जास्त, नुसता विवाहविधी असेल तर अर्धा-पाऊण तास. फोटोसाठी वेदीच्या चौथऱ्यावर मात्र चढू नये.

जेवणाबाबत बिनधास्त विचारावे. वसईकडे किंवा गोव्यात लग्नाच्या जेवणात डुकराचे मांस असू शकते, नाताळच्या केकमध्ये रम असू शकते. आमच्या भागात यजमान बहुतेक वेळा आधीच सांगतात की बोकड मुलाण्यानेच कापला आहे. खेड्यात सगळ्यांच्या घरी तोच येतो. तरी विचारण्यात कमीपणा नाही. पुण्यात 1890 साली पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानाला गेलेल्या प्रतिष्ठित मंडळींपुढे चहा-बिस्किटे आली. गोपाळराव जोशी यांनी त्यांची नावे छापून टाकली आणि टिळक-रानड्यांसारख्यांवर ग्रामण्याचे प्रकरण वर्षानुवर्षे चालले. एका कप चहाने एवढा गोंधळ. अहले किताबच्या घरचे हलाल अन्न खाण्याची परवानगी सूरह माइदामध्ये आपल्याला असल्यामुळे आपली त्यातून केव्हाच सुटका झालेली आहे.

मयतीत

इथे मात्र पत्रिका नसते, विचार करायला वेळ नसतो. निरोप येतो आणि दोन-तीन तासांत निघायचे असते.

मृतदेह शवपेटीत, पांढऱ्या किंवा चांगल्या कपड्यांत, चर्चमध्ये वेदीसमोर ठेवतात. झाकण बहुधा उघडे असते. लोक जवळून जाऊन शेवटचे पाहतात, कोणी फूल ठेवतो. जवळ जाऊन दोन क्षण थांबावे, नको वाटले तर जागेवर उभे राहावे. गीते होतात, बायबलचे वाचन होते, पाळक किंवा फादर मृताच्या आयुष्याबद्दल बोलतात. प्रोटेस्टंट मंडळीत कधी कधी ओळखीच्यांना दोन शब्द बोलायला सांगतात. शिक्षक, डॉक्टर, सरपंच अशा माणसाच्या मयतीत तर हमखास. विद्यार्थी म्हणून, शेजारी म्हणून तुमचे नाव पुकारले गेले तर त्या माणसाने तुमच्यासाठी काय केले ते सांगावे. तेवढेच घरच्यांना ऐकायचे असते. मगफिरतच्या दुआबद्दल आपले नियम वेगळे आहेत. घरच्यांना सब्र मिळो ही दुआ आणि ताजियतचे शब्द यांत कोणतीच अडचण नाही.

एक जनाजा समोरून चालला होता तेव्हा प्रेषित (स.) उठून उभे राहिले. तो यहुदी माणसाचा आहे असे कोणी म्हणताच, तोही एक जीवच नव्हता का, असे त्यांनी विचारले. ही हदीस बुखारी आणि मुस्लिम दोन्हींत आहे. फाटकाबाहेर उभ्या राहणाऱ्यांना मी ती सांगते.

चर्चमधून पेटी कब्रस्तानात नेतात. तिथे छोटी प्रार्थना होते, पेटी खाली सोडतात आणि जमलेले एकेक जण मूठभर माती टाकतात. आपल्यासारखीच. पुरुषांना हे ओळखीचे वाटते. खांदा द्यायला, दोर धरायला, माती लोटायला हात लागतातच आणि तिथे कोणी धर्म विचारत नाही. ख्रिस्ती बायकाही कब्रस्तानात जातात. आपल्या बायकांनी जायचे की फाटकापाशी थांबायचे हे घरच्या रिवाजाप्रमाणे ठरवावे. दफन झाल्यावर कुटुंबातली माणसे एका ओळीत उभी राहतात आणि लोक त्यांना भेटून पुढे जातात. या ओळीत शिरायला संकोच करू नये. आत बसण्याचे राहिले असेल तर निदान इथे तरी त्यांना तुमचा चेहरा दिसतो.

त्या दिवशी त्यांच्या घरी चूल पेटत नाही. नजाशीच्या दरबारात सूरह मरयम पढणारे हजरत जाफर (रजि.) पुढे मूतहच्या लढाईत शहीद झाले, तेव्हा त्यांच्या घरच्यांसाठी जेवण बनवून पाठवा असे प्रेषितांनी सांगितले होते. आमच्या गल्लीत ख्रिस्ती घरी मयत झाली की संध्याकाळचा डबा आमच्याकडून आणि सकाळचा चहा समोरच्या घरातून, असे जुन्या बायकांनीच ठरवून ठेवले आहे. डबा साधा असावा. वरण-भात, चपात्या, एखादी कोरडी भाजी. वीस माणसांचा अंदाज धरावा, कारण बाहेरगावचे पाहुणे रात्री उशिरा पोहोचतात आणि भांडी परत मागायची घाई करू नये.